परदेशात गेलेली पाऊलवाट

असा कोणताही नियम नव्हता.

हे वाक्य आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात मागे घेता येणार नाही. आमच्या औषध कारखान्याच्या कोपऱ्यातून तलावाकडे जाणारी गावाची पाऊलवाट बंद करा, असं सीमाशुल्काच्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. नागपूरच्या सीमाशुल्क कार्यालयातून आलेल्या कुठल्या पत्रातही नव्हतं. तो नियम मी केला. तलावाच्या पाळीवर उभं राहून, तोंडी, चेहरा गंभीर ठेवून. गावानं तो मानला. या लेखात यशाच्या गोष्टी बऱ्याच येतील. त्या खऱ्या आहेत आणि मला त्यांचा अभिमानही आहे. त्यांच्या पायात काय गाडलेलं होतं, तेवढं वाचताना ध्यानात असू द्या.

मी मूळचा पवनीचा. साकोलीच्या अलीकडे, महामार्ग सोडून थोडं आत आमचा गोळ्यांचा कारखाना आहे. तिथे मी आयात-निर्यातीचं काम पाहतो. आमच्या मलेरियाच्या गोळ्या आफ्रिकेत जातात. त्यांतलं मुख्य औषध म्हणजे एक पांढरी पूड. ती परदेशातून ड्रमांत येते. पूड देशात शिरली की सीमाशुल्क आणि त्यावरचे कर भरावे लागतात. गोळ्या बाहेर गेल्यावर त्यातलं बरंचसं परत मागता येतं, पण ते हातात पडेपर्यंत लहान कारखान्याचा जीव जातो. पुढची पूड आणायला भांडवल उरत नाही. मोठ्या कंपन्या हे सोसतात. आमच्यासारखे एक-दोन ऑर्डरींनंतर दमतात आणि पुन्हा नागपूरच्या दुकानांना खोकल्याचं औषध पुरवायला लागतात.

यावर उपाय कायद्यातच आहे. कारखाना बॉन्डेड करून घ्यायचा. म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी गोंदिया स्टेशनचं उदाहरण देतो. एखादा प्रवासी गोंदियाला गाडी बदलायला उतरतो. फलाटावरच डबा खातो, कपडे बदलतो आणि पुढच्या गाडीत बसतो. तो गावात आलाच नाही, तर रिक्षावाला त्याच्याकडे भाडं कसं मागणार? आमचा कारखाना म्हणजे तो फलाट. पूड येते, कुंपणाच्या आत गोळीचे कपडे चढवते आणि जहाजावर जाते. शुल्काच्या हिशेबाने ती भारतात आलीच नाही. तीच गोळी भंडाऱ्याच्या दुकानात विकायची म्हटलं, तर फाटकाबाहेर काढताना तिच्यातल्या पुडीचं शुल्क भरायचं. सगळा खेळ कुंपणाचा. आमचे कामगार सकाळी गेटातून आत शिरताना एकमेकांना म्हणतात, "चाल बे, फॉरेनले." जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले की, "आलो बाप्पा मायदेशी."

ही परवानगी आमच्या भागात कुणी घेतली नव्हती. आमच्या मालकांना सगळे भैयाजी म्हणतात. नागपूरचे आहेत, बोलता बोलता हिंदीत कधी शिरतात ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. त्यांना ही कल्पना मी दिली तेव्हा ते हसले होते. "बोरकर, पोर्ट मुंबईला, ऑफिस नागपूरला, और आप भंडारा जिल्हे में फॉरेन बनाओगे?"

"बनवतो," मी म्हणालो. त्या एका शब्दानं मी अडकलो.

आफ्रिकेतली पहिली मोठी ऑर्डर दारात उभी होती. बॉन्डची परवानगी वेळेत मिळाली तरच ती परवडणार होती. अर्जासोबत नकाशा द्यावा लागतो. कुठवर देश आणि कुठून पुढे बॉन्ड, हे त्यावर लाल रेषेने दाखवायचं असतं. आमच्याकडे संपूर्ण प्लॉटचा नकाशा तयार होता. त्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यातून एक पाऊलवाट जात होती. जमीन कंपनीच्या नावावर होती, पण ज्या शेतकऱ्यानं ती विकली त्याच्या आजोबांच्या काळापासून ढिवरांची घरं तलावावर मासे धरायला, शिंगाडे काढायला त्याच वाटेनं जात. ती पट्टी लाल रेषेबाहेर ठेवणं सहज शक्य होतं. त्यासाठी नवी मोजणी करायची, नवा नकाशा काढायचा आणि आतून एक भिंत घालायची, एवढंच. पण मला तेवढाही दम नव्हता. मी तयार नकाशा घेतला आणि सगळ्या प्लॉटभोवती एका दमात लाल रेषा फिरवली. रेषा सुरेख आली होती, हेही आठवतं.

मग गावाला सांगणं आलं. भैयाजी म्हणाले, "रास्ते का तुम देख लो."

मी पाळीवर गेलो. मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष दशरथभाऊ जाळं वाळत घालत होते. त्यांची वहिनी पार्बताबाई टोपलीतले मासे निवडत होती. आणखी माणसं जमली. मी घरी आईशी आमच्या झाडीबोलीतच बोलतो, पण त्या दिवशी मुद्दाम पुस्तकी मराठी काढली. खोटं बोलायला मला आईची बोली चालेना.

"हा परिसर सीमाशुल्क विभागाच्या अखत्यारीत जात आहे," मी म्हणालो. "केंद्र शासनाच्या नियमानुसार इथून ये-जा करता येणार नाही. बाहेरच्या माणसाचा पाय जरी पडला, तरी माल जप्त होऊ शकतो."

दशरथभाऊंनी जाळं खाली ठेवलं. "दिल्लीचा नियम हाये का जी?"

"हो."

"मंग आपलं काय चालते? नियम असन तं असन."

पार्बताबाई मात्र टोपली काखेत धरून उभी राहिली. "असा कसा जी रस्ता फॉरेनले जाते? रस्त्याले पाय हायेत का?"

सगळे हसले. मीही हसलो. तिथे मी खरं बोललो असतो, तर हा लेख लिहावा लागला नसता.

भिंत झाली आणि परवानगीसाठी तपासणी आली. नागपूरहून आलेल्या अधिकारी मॅडम पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या. त्यांनी भिंती, कॅमेरे, गोदामाची कुलपं सगळं पाहिलं. तेवढ्यात भिंतीच्या फटीतून आमच्या कँटीनवर पोसलेली मांजर आत आली. मॅडम थांबल्या.

"ही आतली की बाहेरची?"

"मॅडम, ही दोन्हीकडची," मी म्हणालो.

"म्हणजे विनापरवाना आयात-निर्यात चालू आहे. ती फट बुजवा."

फट बुजली, परवानगी मिळाली. पहिला कंटेनर निघाला तेव्हा सारा कारखाना गेटवर होता. सील मी स्वतः लावलं. आजवर भंडाऱ्याहून तांदूळ गेला, पितळेची भांडी गेली. आता खोक्यांवर 'जिल्हा भंडारा' छापलेली औषधं समुद्रापार चालली होती. काही महिन्यांनी तिकडच्या खरेदीदारानं एक फोटो पाठवला. एका झाडाखाली दवाखाना, बाया रांगेत बसलेल्या, आणि टेबलावर आमचं खोकं. भैयाजींनी तो फोटो मोठा करून ऑफिसात लावला. येणाऱ्या प्रत्येकाला ते बोट ठेवून दाखवत, "ये देखो, भंडारा." मीही कित्येकदा उगाचच त्या फोटोसमोरून जात असे. छाती भरून येई. खोटं कशाला बोलू, आजही येते.

पण गेटाबाहेर पार्बताबाई भेटे.

पूर्वी ती तलावातून निघाली की सरळ वाटेनं सडकेवर येऊन साकोलीची पहिली एसटी धरायची. आता सगळ्या प्लॉटला वळसा घालून, धानाच्या बांदीच्या धुऱ्यांवरून, त्या अरुंद बांधांवरून तोल सांभाळत यावं लागे. पावसाळ्यात धुरे निसरडे होत आणि टोपली डोक्यावर. बरेचदा तिला गेटापाशीच बस जाताना दिसे. पुढच्या बसनं साकोलीला पोचेपर्यंत चांगली गिऱ्हाइकं मरळ-रोहू घेऊन घरी गेलेली असत. उरलेली मासोळी भाव पाडून द्यावी लागे. मला पाहिलं की ती थांबायची.

"का जी कस्टमवाले, माहा पासपोर्ट आला का?"

"येऊन राहिला, बाई. दिल्लीहून निघाला."

"लवकर आना म्हना. मासोऱ्या कुजून राहिल्या."

ती हसायची, मीही हसायचो. ती सरकारला हसत होती. मी कुणाला हसत होतो, ते मला घरी आल्यावर कळे.

आता ट्रकची गोष्ट सांगतो. माझ्या सगळ्या नोकरीत मी असा घाबरलो नाही आणि असा जिंकलोही नाही.

बॉन्डचा माल बंदरावरून निघतो तेव्हा ट्रकला एकदाच वापरता येणारं कुलूप लावतात. त्यावर नंबर असतो. ते फक्त कारखान्यात, नंबर ताडून काढायचं. वाटेत तुटलं तर माल उतरवायचा नाही, आधी अधिकाऱ्यांना कळवायचं. मग चौकशी लागते आणि कधी कधी सगळी परवानगीच धोक्यात येते. श्रावणातल्या एका दुपारी मोठी खेप येत होती. गावाच्या वळणावर सडकेची कड खचली आणि ट्रक तलावाकडे कलला. ड्रायव्हर परमुलखातला, घाबरलेला. ड्रम उतरवून ट्रक हलका करायचा म्हणून लोखंडी टॉमी घेऊन तो कुलूप तोडायला गेला.

मला फोन आला तेव्हा मी दुचाकीवर धावलो. पोचलो तर ट्रकमागे ढिवरांची माणसं कडं करून उभी. ड्रायव्हर मधे, टॉमी दशरथभाऊंच्या हातात.

"कुलपाले हात नाई लावाचा," दशरथभाऊ त्याला समजावत होते. "कस्टमचं हाये. आमाले साहेबानं सांगतलं हाये, पाय पडला तरी जप्ती."

"अरे, गाड़ी पलट जाएगी!" ड्रायव्हर ओरडला.

"पलटू नाई देत. आमी कायले हाओत?"

त्यांनी जाळ्यांचे जाड दोर आणले, दोन ट्रॅक्टर बोलावले, पाण्यात उतरून चाकांखाली दगड आणि पळसाच्या फांद्या भरल्या. काठावरून पार्बताबाई हुकूम सोडत होती, "अरे पोट्टेहो, फॉरेनचा माल हाये, हळू ओढा, न्हाई तं आफ्रिकेतले लोक आजारी पडतीन!" ट्रक हळूहळू सरळ झाला. सगळे चिखलानं माखले होते. कुलूप जसंच्या तसं. मी नंबर ताडून पाहिला आणि तिथेच चिखलात बसलो. ती खेप गेली असती तर परवानगी गेली असती आणि कारखान्यातली निम्मी माणसं घरी बसली असती.

ज्यांची वाट मी खोटं बोलून बंद केली, त्यांनी माझ्याच खोट्यावर विश्वास ठेवून माझं कुलूप राखलं होतं.

भैयाजींनी सगळ्यांना कारखान्यात जेवण दिलं. पार्बताबाई गेटात पाय ठेवायला तयार नव्हती. "पासपोर्ट नाई न जी." सगळी पंगत हसली. मी पान सारून वाढायला उठलो.

तरीही मी लगेच काही केलं नाही. केलं असतं तर बरं दिसलं असतं, पण नाही केलं. आता इतकं चांगलं चाललंय, लाल रेषेला हात लावला तर परवानगीच हलेल, असं स्वतःला समजावत राहिलो. ते अर्धं खरं होतं, म्हणून जास्त टिकलं.

मग कारखाना वाढला. नवं गोदाम बांधायचं ठरलं, म्हणजे नकाशा बदलायचा, म्हणजे पुन्हा अर्ज. भैयाजींनी सांगितलं, गोदाम तेवढं रेषेत घ्या. मी त्यांच्यापुढे नकाशा पसरला आणि उत्तरेच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ही पट्टी बाहेर काढायची आहे."

"क्यों? कस्टमने कहा?"

"नाही. कस्टमनं ती आत घ्या असंही कधी म्हटलं नव्हतं." आणि मग सगळं सांगितलं.

भैयाजींनी त्या आफ्रिकेच्या फोटोकडे पाहिलं. "पहिले काहून नाही सांगितलं, बोरकर?" वैतागले की ते मराठीत येतात. "मी गावात गेलो की ते लोक मला नमस्कार करून राहिले. मला वाटलं, ट्रकचं जेवण दिलं म्हणून. ते तं सगळा दोष दिल्लीचा समजून राहिले होते."

"चूक माझी आहे."

"चूक तुमची, पण भिंत तं माझी आहे ना!" ते उठले. "काढा बाहेर. पण शिपमेंट थांबली नाही पाहिजे, और मॅडम को आप ही समझाओगे."

मॅडम त्याच होत्या. अंबाडा तसाच. त्यांनी नवा नकाशा पाहिला आणि जुना मागवला. दोन्ही शेजारी ठेवले.

"ही पट्टी मुळात आत का घेतली होती?"

"आळसामुळे, मॅडम."

त्यांनी चष्मा काढला. "बोरकर, इतक्या वर्षांत मला अर्जदारांनी बरीच कारणं सांगितली. हे पहिल्यांदा ऐकलं." मग त्यांनी प्रश्नांची झड लावली. वाटेच्या बाजूची भिंत किती उंच? कॅमेरा कुठे? काम चालू असताना आवार उघडं राहणार का? मी म्हणालो, "क्षणभरही नाही. आधी आतली नवी भिंत पुरी करू, तुम्ही ती पाहाल, मंजुरी द्याल, आणि मगच बाहेरची जुनी पाडू."

"आणि मांजर?"

"तिच्यासाठीही जागा ठेवलेली नाही, मॅडम."

त्या पहिल्यांदा हसल्या. तरी सही लगेच केली नाही. नवी भिंत पूर्ण झाल्यावर स्वतः आल्या, भिंतीच्या बाजूनं तलावापर्यंत चालत गेल्या, पाळीवर उभ्या राहिल्या. शिंगाड्याच्या वेलांनी तलाव हिरवागार झाला होता. "एवढ्यासाठी केलंत?" त्यांनी विचारलं. "हो," मी म्हणालो. मंजुरी आली. त्याच आठवड्यात गोळ्यांचा नवा कंटेनर वेळेवर सुटला. एक दिवसही काम थांबलं नाही. माझ्या धंद्यात यापेक्षा मोठा विजय मला माहीत नाही. बॉन्डची रेषा हलवली आणि परवानगीला ओरखडाही आला नाही.

जुनी भिंत पाडायच्या दिवशी मी पोचलो तर गाव सजलेलं. पाळीवर सतरंजी, खुर्च्या, भोंगा. ताटात शाल आणि नारळ. बाजूला बांबूला टांगलेला एक भला थोरला रोहू, शेपटी जमिनीला टेकेल असा. जेसीबीनं धक्का दिला, भिंत कोसळली, पोरं ओरडत त्या फटीतून पलीकडे पळाली, आणि टाळ्या थांबेनात.

दशरथभाऊंनी माईक घेतला. "हे आपले बोरकर साहेब. दिल्लीच्या सरकारसंग एकटे भांडले अना आपला रस्ता वापस आनला! असा मानूस लाखात एक रायते."

पुन्हा टाळ्या. शालीचं ताट माझ्याकडे येऊ लागलं. मी मागे सरकलो. भैयाजी शेजारी होते. त्यांना सगळं माहीत होतं, तरी ते हळूच म्हणाले, "ले लो यार, शाल है, साँप नहीं. आज के दिन क्यों बिगाड़ना?"

खरंच, का बिघडवायचं? वाट परत आली होती. सगळे खूश होते. पण मी ती शाल पांघरली असती तर तेच खोटं दुसऱ्यांदा बोललो असतो, आणि या वेळी त्याचा सत्कारही करून घेतला असता. मी माईक घेतला.

"मित्रहो," मी सुरुवात केली, "आज सत्य सांगणं हे माझं कर्तव्य आहे. सीमाशुल्क विभागाचा असा कोणताही नियम अस्तित्वात नव्हता. सदर मार्ग बंद करण्याचा निर्णय हा माझ्या—"

गर्दीत कुणाला काही कळेना. कुणीतरी टाळीही वाजवली. पार्बताबाई मात्र पुढे आली, माझ्यासमोर उभी राहिली.

"थांबा जी. म्हंजे दिल्लीचा नियम नोहता?"

"नव्हता."

"मंग पासपोर्ट?"

"तो कधी लागतच नव्हता, बाई."

दशरथभाऊंनी ताट खाली ठेवलं. पार्बताबाईनं माझ्याकडे नीट पाहिलं. हसली नाही. इतक्या दिवसांत ती माझ्यासमोर पहिल्यांदा हसली नव्हती.

"मंग आता हे काय बोलून राहिले तुमी? माफी मांगून राहिले का?"

"हो. मनापासून क्षमा—"

"कोनाची? सरकारची का आमची?"

"तुमची."

"आमची हाये तं सरकारच्या बोलीत कायले मांगता? पवनीचे न तुमी? मायसंग घरी कसे बोलता? तसं सांगा."

मी माईक दशरथभाऊंच्या हातात दिला. सतरंजीवरून उतरलो, मातीत तिच्यासमोर उभा राहिलो आणि हात जोडले.

"माय, तुमचा रस्ता सरकारनं नाई, म्या बंद केलता. नकाशा बदलाचा मले कंटारा आला, म्हनून दिल्लीचं नाव सांगतलं. तुमी धुऱ्याधुऱ्यानं फिरून गेल्या, तुमची साकोलीची मोटर सुटली, मासोऱ्या नरम झाल्या, अना मी फाटकापाशी तुमच्यासंग हासत रायलो. माहा ट्रक तुमी वाचवला, तवाबी म्या तोंड उघडलं नाई. मी लय चुकलो. मले माफ करा, माय."